पाचव्या दगडामागे

एकनाथराव बिरादारांनी रान विकलं त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. बोलला तो मुलगा, शिवराज. "अण्णा, कोण बघणार आता तिकडं?" एवढंच म्हणाला. रागानं नाही, उद्धटपणे नाही. प्रश्न खरा होता. एकनाथरावांचं उभं आयुष्य हैदराबादेत काचीगुड्याला रेल्वेच्या पार्सल कचेरीत गेलं होतं आणि उदगीरकडचं ते रान वर्षानुवर्षं बटईनं दुसऱ्याच्या हातात होतं. तरी त्या प्रश्नाला "मी बघतो" असं साधं उत्तर होतं. ते तोंडातून निघालं नाही. पुढे ते घशात कुसळ अडकावं तसं अडकून राहिलं.

वर्षातून एकदा मात्र ते त्या रानात जायचेच. मार्गशीर्षातल्या अमावस्येला. तिकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण माणसं रानात असतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करायची, तिला घोंगडी पांघरायची, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा. मग आंबील, म्हणजे ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबट पेज, कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत बांधाबांधानं फिरायचं. पिकात आलेलं रान म्हणजे गरोदर बाई. तिचे डोहाळे पुरवायचे. घरच्या बाईचं काम वेगळं. तिनं फोडलेल्या नारळाची एक वाटी रानात पुरायची आणि जागा कुणाला, अगदी नवऱ्यालासुद्धा, सांगायची नाही. सांगितली की रान आपलं राहत नाही, असं एकनाथरावांच्या बायकोला, जयवंताबाईंना, त्यांच्या सासूनं बजावलं होतं. जयवंताबाईंनी कधीच सांगितली नव्हती. रान जायचं ते गेलंच.

रान गेल्यावर नवराबायको काचीगुड्याची भाड्याची जागा सोडून हिमायतनगरला शिवराजच्या फ्लॅटमध्ये आले. शिवराज माधापूरच्या एका संगणकाच्या कंपनीत होता. त्याच्या हॉलमध्ये टीव्ही असायला हवा तिथं काचेचं एक मोठं तळं होतं. साध्या पाण्याचं नव्हे, खाऱ्या पाण्याचं. हैदराबादहून समुद्र कुठल्याही दिशेला जवळ नाही. शिवराजकडे तो पाकिटातून यायचा. परदेशी मिठाचं पाकीट गाळलेल्या पाण्यात ओतलं, पंप सुरू केला, की समुद्र तयार. ते दिवसच तसे होते. जे कधी पाहिलं नव्हतं ते पाकिटात मिळायला लागलं होतं.

तळ्यात पांढरी वाळू होती, वाळूवर पाच दगड, दगडांवर शर्टाच्या बटणांएवढी जांभळी, हिरवी फुलं. ती फुलं नव्हती, प्राणी होते. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे त्यांच्यावरून सावकाश फिरायचे. दिवसभर निळा उजेड. त्या उजेडात माणसाचा हातसुद्धा बुडालेल्या माणसाचा वाटायचा.

"हे दगड बघा, अण्णा," शिवराज म्हणाला होता. "हे जिवंत आहेत."

"दगड?"

"जिवंत दगडच म्हणतात त्यांना. समुद्रातून आणतात. भोकाभोकांत जीव असतो. हे मेले की सगळं मेलं."

"आन् आमी दगडाला चुना फासला की तुला हसू येतं," जयवंताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दिवाळीनंतर कंपनीनं शिवराजला अमेरिकेला पाठवलं. गुढीपाडव्याला परत येणार होता. जाताना त्यानं वडिलांना सगळं दाखवलं. माशांना चिमूटभर खाणं, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गाळलेलं पाणी, खारेपणा मोजायची काडी. मग दारात बूट घालता घालता म्हणाला, "अण्णा, तुम्हीच बघा आता."

एकनाथराव मान हलवून आत आले आणि तळ्यासमोर बसले. मुलानं त्यांच्या हातात एक जिवंत गोष्ट दिली होती. ती जिवंत परत द्यायची. मेली, तर तेव्हाचा तो प्रश्न बरोबर होता असं ठरणार. त्यानंतरचे त्यांचे सगळे दिवस या एका काळजीवर चालले.

मार्गशीर्ष संपत आला. येळवस आली आणि जायला रान नव्हतं. जयवंताबाईंनी सवयीनं पहाटे उठून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले, आंबील घुसळली. दोन माणसांना ते जेवण डोंगराएवढं होतं. दुपारी ताटं तशीच पडली. खिडकीतून नारायणगुड्याकडच्या रहदारीचा आवाज येत होता. एकनाथराव तळ्याकडे बघत होते. निळ्या पाण्यात पाच दगड. शिवराजनं ते मांडले तेव्हा त्याच्या मनात काहीही नसणार. पण ते पाचच होते, आणि जिवंत होते.

ते उठले. खाली जाऊन रस्त्याकडेच्या लिंबाची डहाळी घेऊन आले. आंबिलीचं गंज उचललं.

"अवं, काय करायलाव?" जयवंताबाईंनी विचारलं. पण त्या प्रश्नाला धार नव्हती. त्या उठून तळ्याचं झाकण बाजूला करायला आल्या.

रानात येळवशीला जी हाक घालतात, जिचा अर्थ कुणालाच नीट ठाऊक नाही, ती एकनाथरावांनी अगदी हळू आवाजात घातली. शेजारी ऐकतील म्हणून. आणि पाचही दगडांवर आंबील शिंपडली. मग हात धुऊन ते आत जाऊन पडले.

उठले तेव्हा पाणी दुधासारखं झालं होतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. दोघं घाबरून समोर बसून राहिली. पंप घरघरत होता. दुसऱ्या दिवशी पाणी हळूहळू निवळलं आणि दगड दिसायला लागले.

"पचवलं त्यानं," जयवंताबाई म्हणाल्या.

पचवलं होतं खरंच. काही दिवसांनी दगडांवर तपकिरी लव आली, मग ती हिरवी झाली. पहिल्या सकाळी ते दिसलं तेव्हा एकनाथरावांना आनंदच झाला. उगवण झाली, असं मनात आलं. हिरवं हातभर पाण्यात डोलत होतं, वारा नसताना. मग त्यांच्या लक्षात आलं की जांभळी बटणं मिटलेली आहेत.

ते उगवणं थांबेना. ते शेवाळ केसांसारखं होतं. न्हाणीच्या जाळीत अडकतात तसल्या लांब, बारीक केसांसारखं. एकनाथराव बाह्या वर करून ते उपटायला लागले. दगडावरून मुळासकट येतं असं वाटायचं, पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. काचेवर चढलेलं त्यांनी प्लास्टिकच्या तुटक्या पट्टीनं खरवडलं. पट्टीची कड जिथं तुटली होती तिथं हिरव्या रेघा राहिल्या, सारख्या अंतरावर, तीन तीन. जयवंताबाई चहा घेऊन आल्या आणि थांबल्या.

"तिफण फिरवल्यावानी दिसायलंय," त्या म्हणाल्या.

"पट्टी तुटकी हाय."

"मी कुठं काय म्हणलं?"

त्याच दिवसांत गावाहून चुलतभाऊ हिम्मतरावांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "तुमचं रान वळखू येत नाही बघा, एकनाथराव. घेणाऱ्यानं वरची काळी माती वीटभट्टीला दिली. खालचा मुरूम नव्या रस्त्याला गेला. आता नुसता खड्डा. त्यात पाणी साचलंय."

"पाणी?"

"पुरुषभर खोल आसंल. म्हसरं बी उतरत नाहीत. हिरवं हिरवं झालंय वरून."

एकनाथरावांनी फोन ठेवला. उजवा हात अजून ओला होता. नखांत हिरवं होतं. आपण आत्ता कुठलं रान खुरपत होतो, असा एक विचार आला आणि त्यांनी तो जाऊ दिला नाही, जवळच ठेवला. बोटांवरचा खारट वास साबणानं जाईना. जेवताना भाकरीलाही यायचा.

माघाच्या सुरुवातीला एक मासा दिसेनासा झाला. मेला असता तर तरंगला असता. तो नुसताच तिथं नव्हता. दगड आता दिसत नव्हते, पाच हिरवे उंचवटे तेवढे होते. एकनाथराव आबिड्सला गेले. तिथं शोभेच्या माशांचं एक दुकान होतं, शिवराज तिथूनच मीठ आणायचा. मालक हमीदभाई पान खात, पायानं रेडिओचा आवाज कमी करत म्हणाले, "आओ बिरादार साब. शिवराज बाबू अमरीका में खुश?"

एकनाथरावांनी तळ्याचं सांगितलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचं सांगावं तसं.

"पानी में कुछ डाले क्या?"

"नहीं."

"सोचके बोलो. दूध, भात, कुछ भी? हमारे एक कस्टमर की अम्मा मछली को रोज दही-भात खिलाते थे. समझे, गाय बंधी है घर में."

"कुछ नहीं डाले बोला ना."

हमीदभाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पिचकारी टाकून आले. "ये हरी काई भूखी चीज है साब. खाना मिला तो आती. अंदर कुछ सड़ रहा, वो ढूंढो. तब तक रोशनी बंद. मोटा काला कपड़ा डालके तीन दिन छोड़ दो, झांकना नक्को. मछली को कुछ नहीं होता. जो मरने का है मरता, जो रहने का है रहता."

घरात जाड काळं कापड एकच होतं. कोपीवर पांघरायची ती घोंगडी. जयवंताबाईंनी ती ट्रंकेतून काढली. तिच्या विणीत कडब्याचे तुकडे अजून होते. दोघांनी मिळून ती तळ्यावर टाकली. निळा उजेड गेला. भर दुपारी हॉल असा झाला की त्या घोंगडीखाली कुणीतरी बसलेलं आहे आणि आपण त्याच्या घरात आलो आहोत असं वाटावं.

मग तो आवाज सुरू झाला.

कट्. बराच वेळ काही नाही. कट्. काचेवर टिचकी मारावी तसा, पण आतून. पंपाच्या घरघरीत तो इतके दिवस असेलही, आणि उजेड होता म्हणून कुणी ऐकला नसेल. कट्, कट्. जयवंताबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या. हा आवाज दोघांच्याही ओळखीचा होता. ज्वारीच्या वाळलेल्या ताटावरून कणीस मोडताना येतो तो. माघ चालू होता. तिकडे आता खुडणीचेच दिवस.

"कोण खुडायलंय?" त्यांनी विचारलं.

 घोंगडी उचलून बघायला एकनाथरावांचा हात गेला आणि मागे आला. झाकलेलं उघडू नये, एवढं त्यांना कुणी सांगायला नको होतं. तीन दिवस ते तिथंच बसले. तिथंच जेवले. आवाज कधी या टोकाला यायचा, कधी त्या. कुणीतरी एकटंच, घाई न करता, ओळीनं चाललं होतं.

घोंगडी काढली तेव्हा हिरवं गेलं होतं. पांढरं, पिवळं पडून दगडांवर निजलं होतं. एकनाथरावांनी नळीनं ते ओढून काढलं, परातीत घेतलं, आणि बोलता बोलता त्यांच्या हातांनी त्याच्या लहान लहान पेंढ्या बांधल्या. जयवंताबाईंनी दाखवल्यावर त्यांना ते कळलं. एक नारिंगी मासा जिवंत होता. कपारीतून दुसराही बाहेर आला, बारीक झालेला, पण जिवंत. बटणं मिटलेलीच होती.

फक्त पाचव्या दगडामागे, काचेच्या कोपऱ्यात, एक गडद हिरवी बट शिल्लक होती. नखाएवढी. सकाळी ती बोटाएवढी झाली. दोन दिवसांत दगडाच्या माथ्यावर आली आणि तिथून चौथ्या दगडाकडे निघाली.

फाल्गुन लागला. पाडवा समोर दिसत होता. एकनाथराव खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जयवंताबाईंनी नवऱ्याला असं बसलेलं एकदाच पाहिलं होतं, उदगीरच्या कचेरीत सही करून आले त्या संध्याकाळी.

"मी हमीदभाईला खोटं बोललो," ते म्हणाले. "आंबिलीचं सांगितलं नाही. पण आंबील तर कधीच सरली. तो म्हणाला, आत काही सडायलंय. काय सडायलंय?"

जयवंताबाई उभ्याच राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"सांगू नये असंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमी निजलात तवा. येळवशीला." त्यांचा आवाज बारीक झाला. "वाटी कुठं पुरू मंग मी? गच्चीत? तुमी शिंपडलं, तर माझं बी काम राहिलं होतं."

 जयवंताबाईंची नजर तळ्यावर होती. इतक्या वर्षांत त्यांनी एकही जागा सांगितली नव्हती. त्या सगळ्या वाट्या वीटभट्टीत गेल्या, तरी सांगितली नव्हती.

"सांगितलं की रान राहत नाही," त्या म्हणाल्या.

"आन् नाही सांगितलं तर शिवराजचं तळं राहत नाही."

"पाचव्या दगडामागं हाय. कपारीत दाबलीया."

एकनाथरावांनी बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि हात घातला. पाणी कोमट होतं, अंगाएवढं. दगडाला वळसा घालून बोटं मागच्या कपारीत शिरली आणि केसांत गेली. दाट, मऊ केस. केसांखाली काहीतरी गोल. त्यांचा तळवा त्या गोलावर नेमका बसला आणि त्यांना वाटलं, आपण कुणाच्या तरी टाळूवर हात ठेवला आहे. न जन्मलेल्या कुणाच्या तरी. त्याच क्षणी मनगटाजवळ कट् झालं. तो आवाज कानाला नाही, हाडाला ऐकू आला. हात मागे घ्यावासा वाटला. त्यांनी घेतला नाही. ओढलं. ते आधी सुटेना. मग सुटलं.

बाहेर आली ती नारळाची अर्धी वाटी. वरून वीतभर हिरवे केस पाणी गाळत होते. आतलं खोबरं काळं, बुळबुळीत झालं होतं आणि त्याचा वास घरभर पसरला. जयवंताबाईंनी नाक मुरडलं नाही. पुढे होऊन त्यांनी ती वाटी दोन्ही हातांत घेतली, पदरानं झाकली आणि चपला घालून जिना उतरल्या. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते. कुठं ठेवली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि एकनाथरावांनी विचारलं नाही.

हिरवं पुन्हा आलं नाही. पाडव्याच्या आधी एका सकाळी एक जांभळं बटण उघडलं, मग शेजारचं.

शिवराज आला. बॅगा दारात टाकून तो आधी तळ्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला, माशांकडे, फुलांकडे बघत राहिला. "अण्णा, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी इथं असतो तरी एवढं जमलं नसतं. काही त्रास नाही ना झाला?"

"नाही. त्रास काय."

जयवंताबाई गुढीला साखरेची गाठी बांधत होत्या. त्यांनी गाठ एकदा सोडून पुन्हा बांधली.

दुपारी पुरणपोळी खाऊन शिवराज सोफ्यावर आडवा झाला. "कंपनी मला तिकडंच ठेवणार आहे," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षं. जास्तही होतील. हे तळं देऊन टाकू, अण्णा. बंजारा हिल्सला एक जण आहे माझ्या ओळखीचा, दगडांसकट नेईल. कोण बघणार आता इकडं?"

जयवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.  त्यांनी जागा सांगितली होती.

हॉलमध्ये पंपाचा आवाज होता. निळा उजेड तिघांच्याही हातांवर पडला होता. एकनाथरावांच्या घशात कुसळ हललं.

"मी बघतो," ते म्हणाले.

"काय?"

"मी बघतो म्हणलं. बघायलोच की."

शिवराज हसला. "अण्णा, हे फार नाजूक काम आहे. एवढे दिवस निभावलं तेच खूप. जरा चुकलं तर सगळं..."

"चुकलं होतं," एकनाथराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पार्सल कचेरीच्या खिडकीतून यायचा तसा. "चुकलं, आन् निस्तरलं. देयाचं नाही. त्या बंजारा हिल्सवाल्याला सांग, धनी घरात हाय म्हणून."

शिवराज उठून बसला. एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघून म्हणाला, "बरं. राहू दे मग." तेवढ्यात तळ्यातून कट् असा आवाज आला आणि त्यानं मान वळवली. "हे काय? अरे, कोळंबी असणार. दगडाच्या भोकात लपून आलेली असते. नांगीनं टिचक्या मारते. चिमट्यानं काढायला पाहिजे."

"नको काढू," जयवंताबाई म्हणाल्या. "तिचं काम चालू हाय."

शिवराज अमेरिकेला गेला, त्याला आता काही वर्षं झाली. तळं हिमायतनगरच्या त्याच हॉलमध्ये आहे. एकनाथराव थकले, पण गाळलेलं पाणी स्वतःच्या हातानं भरतात आणि काच पुसतात. येळवशीला आंबील होते, ती दोघं पितात. तळ्याला दाखवतात, शिंपडत नाहीत. जयवंताबाई नारळ फोडतात. एका वाटीची चटणी होते. दुसरीचं काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी एकनाथराव बाही वर करून पाचव्या दगडामागे हात घालतात. बायकोवर विश्वास नाही म्हणून नव्हे. हातालाच राहवत नाही. केस कधी लागले नाहीत. गोल असं काही लागलं नाही. परवाच्या येळवशीनंतर मात्र त्यांनी हात बाहेर काढला आणि उजेडात धरला, तेव्हा बोटांच्या पेरांवर ओली, चिकट, काळी माती होती.

तळ्यात सगळी पांढरी वाळू आहे. त्यांनी बोटं धुतली नाहीत. धोतराला पुसली आणि चहाला बसले.